मनोविकारांची लक्षणे, कारणे आणि संस्कृतीनुसार बदलणारी रूपे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनोविकार कशाला म्हणायचे? साधे दुःख, काळजी किंवा विक्षिप्त स्वभाव यांच्यापासून तो वेगळा कसा ओळखायचा?

दुःख, भीती, संशय आणि अतिउत्साह कोणालाच चुकलेले नाहीत आणि त्यांच्या नुसत्या असण्याला विकार म्हणता येत नाही. निदान करताना तीन गोष्टी एकत्र पाहिल्या जातात : त्रास किती तीव्र आहे, तो किती काळ टिकून आहे आणि त्यामुळे माणसाची झोप, भूक, काम, अभ्यास, नातीगोती यांचे कितपत नुकसान होत आहे. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर आठवडाभर घास घशाखाली न उतरणे हा विकार नव्हे. पण सलग दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, दिवसाचा बराच वेळ मन उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर नैराश्याचा विचार करावा लागतो.

विक्षिप्तपणाची गोष्ट निराळी आहे. चारचौघांसारखे न वागणे म्हणजे आजार नव्हे, आणि ही रेषा ओढताना वैद्यकशास्त्राच्या हातूनही चुका झाल्या आहेत. समलैंगिकता अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या विकारसूचीतून १९७३ साली वगळली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीतून ती जायला १९९० साल उजाडले. म्हणून ‘हे लोकांना विचित्र वाटते का’ यापेक्षा ‘यामुळे या माणसाला किंवा त्याच्यासोबत राहणाऱ्यांना त्रास होतो आहे का’ हा प्रश्न अधिक उपयोगी आहे आणि पुढील बऱ्याच उत्तरांत तो पुन्हा डोकावेल.

हे विकार किती जणांना होतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ९७ कोटी लोक, म्हणजे दर आठ माणसांमागे एक जण, कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने ग्रस्त होता. त्यांत सुमारे ३० कोटी चिंताविकाराचे आणि २८ कोटी नैराश्याचे होते. स्किझोफ्रेनिया त्या मानाने विरळ, सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना असलेला, पण आयुष्य मुळापासून ढवळून काढणारा आजार आहे. बऱ्याच विकारांची पहिली चिन्हे किशोरवयात किंवा विशीच्या सुरुवातीला दिसतात आणि ‘या वयात मुले अशीच वागतात’ या समजुतीपोटी ती नेमकी निसटून जातात.

मुख्य लक्षणे कोणती?

नैराश्याचा उल्लेख वर आलाच आहे. त्यात उदासीइतकाच, किंबहुना कधी कधी तिच्याहून जास्त, थकवा जाणवतो. निर्णय घेता येत नाही, आपण कोणाच्याच उपयोगाचे नाही असे वाटत राहते आणि काही जणांच्या मनात मरणाचे विचार घोळू लागतात. मुलांमध्ये व किशोरांमध्ये उदासीऐवजी चिडचिड पुढे येते.

चिंताविकारात धोका समोर नसताना शरीर मात्र धोक्यातच असल्यासारखे वागते. मन सतत पुढच्या संकटाचा हिशेब मांडत राहते, स्नायू ताठरतात, झोप लागत नाही. त्याचा अचानक उसळणारा प्रकार म्हणजे भीतीचा झटका : काही मिनिटांत छातीत धडधड, घाम, श्वास कोंडणे, हातापायांना मुंग्या आणि ‘आता आपण संपलो’ ही खात्री. असा झटका पहिल्यांदा आला की बहुतेक जण हृदयविकार समजून रुग्णालय गाठतात आणि ते योग्यही आहे, कारण पहिल्या वेळी हृदय तपासून घेणे आवश्यकच असते. मंत्रचळात नको असलेला विचार पुन्हा पुन्हा मनात घुसतो आणि त्याची भीती शमवण्यासाठी माणूस हात धुणे, कुलूप तपासणे, मोजणे अशा कृतींमध्ये अडकतो. आपले वागणे निरर्थक आहे हे त्याला बहुधा ठाऊक असते, आणि म्हणूनच तो ते वर्षानुवर्षे लपवतो.

द्विध्रुवी विकारात नैराश्याच्या काळाबरोबर उन्मादाचे काळही येतात. आठवडाभर किंवा अधिक दिवस झोपेची गरजच उरत नाही, बोलण्याला व विचारांना आवर राहत नाही, अवाजवी खर्च व धाडसे होतात. घरच्यांना हा काळ सुरुवातीला ‘एकदाचा बरा झाला’ असाच वाटतो. निदान लांबण्याचे हे एक मोठे कारण आहे. स्किझोफ्रेनियात आसपास कोणी नसताना आवाज ऐकू येतात, आपल्याविरुद्ध कट शिजत आहे यासारख्या अढळ पण निराधार समजुती घर करतात, बोलण्यातील सांधा निखळतो. आणि याहून कमी नजरेत भरणारे, पण अधिक चिवट असे दुसरे टोक म्हणजे इच्छाशक्ती, बोलणे व भावना हळूहळू आटत जाणे. आघातानंतरच्या विकारात घडून गेलेली घटना स्वप्नांतून व आठवणींतून पुन्हा अंगावर येते आणि माणूस तिची आठवण करून देणारी प्रत्येक गोष्ट टाळू लागतो.

डोके दुखते, अंग जड वाटते, पोटात काहीतरी फिरते अशा तक्रारी सांगणाऱ्याला नैराश्य असू शकते का? की तो मनातले लपवत असतो?

असू शकते, आणि लपवत असतोच असे नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४ देशांतील १५ केंद्रांवर नैराश्याचे निकष पूर्ण करणाऱ्या १,१४६ रुग्णांची पाहणी झाली. त्यांपैकी ६९ टक्के जणांनी डॉक्टरांकडे येण्याचे कारण म्हणून केवळ शारीरिक तक्रारी सांगितल्या होत्या. मात्र थेट विचारल्यावर मनाची लक्षणे नाकारणारे फक्त ११ टक्के निघाले. म्हणजे प्रश्न लपवण्याचा नसून आधी काय सांगायचे याचा आहे. डॉक्टरकडे दुखणे घेऊन जायचे असते हे माणसाला ठाऊक असते. उदासी घेऊन जाता येते हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८० साली चीनच्या हुनान प्रांतात ‘शेनजिंग श्वायरुओ’, म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता, असे निदान झालेले १०० रुग्ण तपासले. त्यांपैकी ८७ जण पाश्चात्त्य निकषांनुसार नैराश्याचे रुग्ण ठरत होते, पण त्यांची तक्रार होती डोकेदुखीची, निद्रानाशाची आणि थकव्याची. माओच्या काळातील सांस्कृतिक क्रांती या राजकीय उलथापालथीची होरपळ नुकतीच सोसलेल्या त्या समाजात ‘मी निराश आहे’ असे म्हणणे राजकीयदृष्ट्याही धोक्याचे होते. डोके दुखते असे म्हणण्याला कोणाची हरकत नव्हती.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर शरीर आणि मन यांची काटेकोर वाटणी हीच एका विशिष्ट परंपरेची सवय आहे. मराठीत काळीज तुटते, पोटात खड्डा पडतो, जीव टांगणीला लागतो. ही शरीराची वर्णने आहेत की मनाची, हे बोलणारा ठरवत बसत नाही.

दुःख सांगण्याच्या अशा पद्धती सर्वच भाषांत असतात का?

असतात, आणि मानववंशशास्त्रज्ञ मार्क निक्टर यांनी १९८१ साली, दक्षिण भारतातील आपल्या कामाच्या आधारे, अशा प्रस्थापित पद्धतींकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यांना आपण ‘दुःखाची बोली’ म्हणू. झिंबाब्वेतील शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे अतिविचार करणे. तो आजाराचे कारणही मानला जातो आणि आजाराचे नावही असतो. कंबोडियातील लोकांमध्ये ‘ख्याल’ म्हणजे अंगातला वारा वर चढतो, मानेपर्यंत आणि डोक्यापर्यंत पोहोचतो, अशी धास्ती आढळते. तिची लक्षणे भीतीच्या झटक्याशी जुळतात, पण मान दुखली किंवा उभे राहताना चक्कर आली की झटका सुरू होतो, कारण त्या जागीच वारा घातक ठरतो अशी समजूत असते. लॅटिन अमेरिकेत ‘सुस्तो’ हे नाव भीतीच्या धक्क्यानंतर आत्मा शरीर सोडून गेल्यामुळे येणाऱ्या आजारपणाला दिले जाते.

मराठी वाचकाला सुस्तो समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. ‘त्याने धसका घेतला’ आणि ‘तिने हाय खाल्ली’ ही वाक्ये आपण कारण, लक्षण आणि पुढची वाटचाल हे तिन्ही एका दमात सांगण्यासाठीच वापरतो : काहीतरी घडले, माणूस खंगत गेला आणि त्यातून सावरला नाही. ही वाक्ये निदान नव्हेत. धसका घेतलेला माणूस आघातोत्तर विकाराने, नैराश्याने, किंवा कोणी न तपासलेल्या क्षयरोगानेही खंगत असू शकतो. परंतु त्या माणसाचे म्हणणे ऐकण्याची सुरुवात या शब्दांपासूनच होते, आणि ज्या तज्ज्ञाला ते खुळचट वाटतात त्याच्या हाती पुढचे काहीच लागत नाही.

विशिष्ट संस्कृतीपुरतेच असलेले विकार खरोखर आहेत का?

पूर्वी तसे मानले जाई. अमेरिकी विकारसूचीच्या १९९४ च्या आवृत्तीत अशा २५ ‘संस्कृतिबद्ध’ विकारांची यादी परिशिष्टात दिली होती. २०१३ च्या आवृत्तीत ती कल्पनाच बदलली. ‘त्रासाच्या सांस्कृतिक संकल्पना’ या नावाखाली नऊ उदाहरणे उरली. बदल केवळ शब्दांचा नाही. जुन्या यादीत एक अध्याहृत समजूत दडलेली होती, ती अशी की युरोप-अमेरिकेतील आजार हे निव्वळ आजार आणि बाकीच्यांचे आजार म्हणजे त्यांच्या संस्कृतीची कमाल.

ही समजूत कशी कोसळते हे दोन उदाहरणांवरून दिसते. वीर्य लघवीवाटे जाऊन अशक्तपणा येतो या चिंतेला भारतीय मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्र विग यांनी १९६० साली ‘धात’ हे नाव वैद्यकीय परिभाषेत दिले, आणि ते खास भारतीय दुखणे म्हणून जगभर ओळखले गेले. परंतु अठराव्या शतकात स्वित्झर्लंडचे डॉक्टर सॅम्युएल तिसो हस्तमैथुनाने शरीर झिजते असे गांभीर्याने लिहीत होते आणि युरोपभर त्यांचे वाचक तितक्याच गांभीर्याने घाबरत होते. उलट ‘खास चिनी’ समजली गेलेली मज्जातंतूंची दुर्बलता ही मुळात अमेरिकेतून आलेली : तेथील डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी १८६९ साली ती मांडली, पुढे अमेरिकेत तिची चलती ओसरली, आणि पूर्व आशियात ती रुजून राहिली.

तरीही काही रूपे एखाद्या समाजाच्या घडणीशी फार घट्ट बांधलेली दिसतात. जपानमधील ‘ताइजिन क्योफुशो’ ही समाजभयाची जात आहे, पण तिच्यात ‘लोक मला हसतील’ यापेक्षा ‘माझ्या नजरेने, वासाने, लाजण्याने लोकांना त्रास होईल’ ही भीती प्रबळ असते. ‘कोरो’ या भयात लिंग आत ओढले जाऊन मृत्यू येईल असे वाटते. १९६७ साली सिंगापुरात, लस टोचलेल्या डुकरांचे मांस खाल्ल्याने असे होते या अफवेतून, शेकडो पुरुषांनी रुग्णालयांत धाव घेतली. डॉक्टरांनी जाहीरपणे वस्तुस्थिती समजावून सांगितल्यावर ती लाट ओसरली. अफवेने आलेला आणि पत्रकार परिषदेने गेलेला असा दुसरा साथीचा आजार शोधावा लागेल.

भास आणि भ्रम तरी सर्वत्र सारखेच असतात का?

घडण सारखी, आशय वेगळा. आपल्यावर कोणीतरी दुरून नियंत्रण ठेवते हा भ्रम लंडनच्या एका मनोरुग्णालयात काम करणाऱ्या जॉन हॅस्लम यांनी १८१० साली सविस्तर नोंदवला. त्यांच्या रुग्णाच्या मते एक टोळी हवेवर चालणाऱ्या यंत्रमागाने त्याच्या मनावर अंमल गाजवत होती. यंत्रमागाची जागा पुढे रेडिओलहरींनी, दूरदर्शन संचाने आणि आता चिपने व मोबाइलने घेतली आहे. जे यंत्र त्या काळात सर्वांत गूढ, ते भ्रमात शिरते.

आवाजांचा स्वरही बदलतो. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ तान्या लूरमन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील सॅन मातेओ, घानातील अक्रा आणि भारतातील चेन्नई येथील, आवाज ऐकू येणाऱ्या प्रत्येकी २० रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. सॅन मातेओच्या रुग्णांना ऐकू येणारे आवाज बहुधा अनोळखी, हिंसक आणि आपल्या मेंदूत झालेल्या घुसखोरीसारखे वाटत. अक्र्यात अनेकांनी देवाचा आवाज ऐकू येतो असे सांगितले. चेन्नईत अनेकांना नातलगांचे आवाज येत. ते रागवत, पण आंघोळ कर, स्वयंपाक कर अशा कामांच्या सूचनाही देत. साठ माणसांवरून जगाचा नियम काढता येत नाही हे खरे. तरी आवाजाशी माणसाचे नाते कसे आहे यावर त्याचा त्रास अवलंबून राहतो, ही गोष्ट उपचार करणाऱ्याच्या कामाची आहे.

अंगात येणे हा आजार आहे का?

बहुतेक वेळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात अंगात येण्याशी संबंधित विकार आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत : अवस्था माणसाच्या इच्छेविरुद्ध यावी, त्याच्या समाजाला मान्य असलेल्या धार्मिक किंवा सामूहिक विधीचा ती भाग नसावी, ती मादक पदार्थांमुळे किंवा दुसऱ्या आजारामुळे आलेली नसावी आणि तिच्यामुळे लक्षणीय त्रास किंवा नुकसान व्हावे. ठरलेल्या प्रसंगी येऊन नंतर व्यवस्थित कामाला लागणारी व्यक्ती आजारी ठरत नाही. वेळीअवेळी भान हरपणारी, त्यात इजा करून घेणारी किंवा घरात इतर कोणत्याही मार्गाने बोलू न शकणारी व्यक्ती मात्र तपासली जायला हवी. भान जाताना जीभ चावली जात असेल किंवा लघवी होत असेल तर अपस्माराची, म्हणजे फेफऱ्याची, शक्यता प्रथम पाहावी.

मनोविकार कशामुळे होतात?

एका कारणाने नाही. आनुवंशिकतेचा वाटा विकारागणिक वेगळा आहे : जुळ्यांच्या अभ्यासांवरून तो स्किझोफ्रेनियात सुमारे ८० टक्के, तर नैराश्यात ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास निघतो. या आकड्यांचा अर्थ फार वेळा चुकीचा लावला जातो. ८० टक्के म्हणजे आईवडिलांपैकी एकाला असलेला आजार मुलाला होण्याची शक्यता ८० टक्के, असे नव्हे. तो आकडा लोकसंख्येतील फरकांचा किती भाग जनुकांतील फरकांशी जोडता येतो हे सांगतो. तंतोतंत सारखी जनुके असलेल्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण निम्म्याच्या आतबाहेरच राहते. शिवाय ‘स्किझोफ्रेनियाचे जनुक’ असे काही नाही. २०२२ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात या आजाराशी संबंधित २८७ जागा सापडल्या आणि त्यांतील बहुतेकींचा परिणाम अगदी किरकोळ आहे.

जनुकांच्या पलीकडे काय असते हे इतिहासाने क्रूरपणे दाखवले आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. त्या ऐन उपासमारीत गर्भधारणा झालेल्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. १९५९ ते १९६१ च्या चीनमधील दुष्काळानंतरही हेच चित्र दिसले. म्हणजे विशीत प्रकटणाऱ्या आजाराची एक मुळी जन्माआधीच्या कुपोषणापर्यंत जाते.

समाजाचा वाटा दाखवणारे सर्वांत बोलके उदाहरण स्थलांतराचे आहे. कॅरिबियन बेटांवरून इंग्लंडमध्ये गेलेल्या कुटुंबांत मनोविकृतीचे, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या तीव्र आजारांचे, प्रमाण तेथील इतर लोकांपेक्षा कित्येक पटींनी जास्त नोंदवले गेले. कारण आनुवंशिक असते तर मूळ बेटांवरही ते दिसले असते. पण जमैका, त्रिनिदाद आणि बार्बाडोस येथील पाहण्यांत प्रमाण तसे वाढलेले नव्हते. वंशभेद, एकटेपणा, तुटलेली कुटुंबे आणि परके ठरवले जाण्याचा रोजचा अनुभव यांकडे त्यामुळे बोट दाखवले जाते. काही प्रमाणात निदान करणाऱ्यांचा पूर्वग्रहही त्यात मिसळलेला असावा, पण सारा फरक त्याने भरून निघत नाही.

बालपणीचे शोषण व दुर्लक्ष, हिंसा, कर्जबाजारीपणा, दीर्घ बेकारी, दारू आणि विशेषतः किशोरवयातील तीव्र गांजा हे धोके अनेक देशांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा वर आले आहेत. आईवडिलांनी ‘वळण लावले नाही’ म्हणून स्किझोफ्रेनिया किंवा स्वमग्नता होते, या विसाव्या शतकातील मताला आधार सापडला नाही. मात्र त्याने असंख्य आयांना विनाकारण अपराधी ठरवले.

मेंदूतील रसायनांचा असमतोल हेच खरे कारण नाही का?

ही मांडणी सोपी असल्यामुळे टिकली, सिद्ध झाल्यामुळे नाही. सेरोटोनिन हे मेंदूतील निरोप वाहणारे रसायन कमी झाले म्हणून नैराश्य येते असे म्हणण्याजोगा पुरावा नाही. सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांनी अनेकांना बरे वाटते हे खरे असले तरी त्यावरून कारण सिद्ध होत नाही. ताप पॅरासिटामॉलने उतरतो म्हणून तो पॅरासिटामॉलच्या कमतरतेने आलेला नसतो.

शारीरिक आजार मनोविकारासारखा दिसू शकतो का?

हो, आणि तो चुकवू नये. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावल्यास नैराश्यासारखी आणि वाढल्यास चिंताविकारासारखी लक्षणे दिसतात. बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावी स्मृती व मनःस्थिती बिघडू शकते. एकेकाळी मनोरुग्णालयांत मोठ्या संख्येने असलेले ‘वेडाच्या पक्षाघाता’चे रुग्ण मुळात उपदंशाचे (सिफिलिसचे) होते, त्यांच्या मेंदूत त्या रोगाचा जंतू १९१३ साली दाखवला गेला. २००७ साली वर्णन झालेल्या मेंदूच्या एका दाहात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदूच्या पेशींवरील, संदेश टिपणाऱ्या प्रथिनांवरच हल्ला करते आणि तरुण मुली अचानक भ्रमिष्ट होतात. वेळेत ओळखल्यास त्यांतील बहुतेक बऱ्या होतात. वृद्ध व्यक्ती एक-दोन दिवसांत एकाएकी गोंधळून बरळू लागली, तर तो मनोविकार समजून थांबू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील सोडियम कमी होणे किंवा नवे औषध, यांपैकी काहीतरी बहुधा सापडते.

संस्कृती नुसते रूपच ठरवते की आजारही निर्माण करते?

खाण्याच्या विकारांबाबत तरी दुसऱ्या शक्यतेला वजन आहे. फिजी बेटांवरील एका भागात दूरदर्शन १९९५ साली पोहोचले. भरल्या अंगाचे तेथे कौतुक असे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅन बेकर यांनी शाळकरी मुलींची त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ साली पाहणी केली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत नव्हती; दुसऱ्या पाहणीत ते प्रमाण ११.३ टक्के होते. मुलींनी पडद्यावरच्या पात्रांसारखे दिसण्याची इच्छा मोकळेपणाने सांगितली.

हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी याच्या उलट बाजू दाखवली. त्यांचे अनेक रुग्ण जेवण सोडून हाडांचा सापळा झाले होते, पण त्यांना लठ्ठपणाची भीती नव्हती. ते पोट फुगते, भूक लागत नाही असे सांगत. पाश्चात्त्य निकष शब्दशः लावले असते तर त्यांचे निदानच झाले नसते.

एका देशातील निकष दुसऱ्या देशात लावताना काय चुकते?

निदानाची नावे घेऊन जाणाऱ्याला ती सगळीकडे सापडतात, कारण तो तीच शोधत असतो. एका संस्कृतीत घडलेली निदानाची चौकट दुसऱ्या संस्कृतीतील माणसांवर, तिथे तिला काही अर्थ आहे का हे न तपासता, लादण्याच्या चुकीवर क्लाइनमन यांनी १९७७ सालीच बोट ठेवले होते. धातची प्रश्नावली घेऊन नॉर्वेत घरोघर फिरल्यास अशक्तपणा असलेले पुरुष नक्की भेटतील. त्यावरून नॉर्वेत धात आहे असे ठरणार नाही.

गंमत म्हणजे सांस्कृतिक फरक रुग्णांइतकाच डॉक्टरांतही असतो. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे निदान लंडनपेक्षा कितीतरी जास्त होई. दोन्ही शहरांतील रुग्णांना एकाच पथकाने एकच मुलाखत व एकच निकष लावून तपासले तेव्हा फरक बहुतांशी नाहीसा झाला. रुग्ण सारखेच होते. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांची स्किझोफ्रेनियाची व्याख्या ऐसपैस होती.

गरीब देशांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण लवकर बरे होतात, हे खरे आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आग्रा, इबादान (नायजेरिया), काली (कोलंबिया), तैपेई, लंडन, मॉस्को, प्राग, आर्हुस आणि वॉशिंग्टन येथे १,२०२ रुग्णांचा अभ्यास सुरू केला. आजाराची मूळ लक्षणे सर्व ठिकाणी ओळखू येत होती, पण पुढील वर्षांत आग्रा आणि इबादान येथील रुग्णांची स्थिती श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा चांगली आढळली. मोठे कुटुंब, शेतीसारख्या कामात सामावले जाणे, कमी टीका अशी कारणे सुचवली गेली. नंतरच्या संशोधकांनी त्यावर गंभीर शंका घेतल्या : उपचाराविना राहिलेले, रस्त्यावर आलेले आणि अकाली मेलेले रुग्ण मोजणीतून सुटले असावेत. कुटुंबाचा आधार औषधाइतकाच मोलाचा आहे, एवढे या निष्कर्षातून घ्यावे. उपचाराविना चालते असा अर्थ काढणे धोक्याचे आहे. साखळदंडात ठेवलेला रुग्णही कुटुंबातच असतो.

उपचारही संस्कृतीनुसार बदलावे लागतात का?

औषधांचे काम सर्वत्र तेच असते, मात्र काही धोके वांशिक मुळांशी जोडलेले असतात. मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिनमुळे त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया होण्याचा धोका हान चिनी, थाई आणि इतर काही आशियाई लोकांमध्ये आढळणाऱ्या एका जनुकीय प्रकारामुळे बराच वाढतो, म्हणून त्यांची आधी रक्ततपासणी करण्याची शिफारस केली जाते.

बोलण्यावर आधारलेल्या उपचारांचा ढाचा मात्र बदलता येतो. झिंबाब्वेचे मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी हरारेत आरोग्यकेंद्रांच्या आवारातील बाकांवर वस्तीतल्याच प्रशिक्षित आजीबाईंना बसवले. नैराश्य हा शब्द न वापरता, ‘कुफुंगिसिसा’पासून सुरुवात करून, त्या आलेल्या माणसाला त्याच्या अडचणींपैकी एक निवडायला आणि तिच्यावर मार्ग शोधायला मदत करतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ५७३ जणांच्या चाचणीत सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणे आजींकडे गेलेल्या गटात १३.७ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ४९.९ टक्के लोकांमध्ये उरली होती. हे यश केवळ सांस्कृतिक सजावटीचे नाही. पद्धत शास्त्रीय होती, शब्द तिथले होते आणि ऐकणारी व्यक्ती विश्वासातली होती.

तातडीची मदत केव्हा घ्यावी?

माणूस मरणाविषयी बोलत असेल, निरवानिरव करत असेल, आवाज त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची आज्ञा देत असतील, खाणेपिणे थांबले असेल किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत आई भ्रमिष्टासारखी वागू लागली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि तोवर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. विचारल्याने बहुधा ओझे हलके होते.

तज्ज्ञांकडे जाताना काय सांगावे?

त्रास कधी सुरू झाला, झोप-भूक कशी आहे, घरात पूर्वी कोणाला असा आजार होता का आणि कोणती औषधे, काढे किंवा नशेचे पदार्थ चालू आहेत हे सांगावेच. २०१३ च्या अमेरिकी सूचीसोबत सोळा प्रश्नांची एक सांस्कृतिक मुलाखत दिलेली आहे. या त्रासाला तुमच्या घरात काय म्हणतात, तो कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते, आजवर कोणाकोणाकडे जाऊन आलात आणि त्याचा काय उपयोग झाला, अशा अंगाने ती जाते. तज्ज्ञाने हे विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे. करणी, नजर, पूर्वजन्म असे काही मनात असेल तर तेही संकोच न करता सांगावे, कारण जो रुग्ण मनातले कारण गिळून केवळ गोळ्यांची चिठ्ठी घेऊन निघतो, तो बहुधा दुसऱ्या आठवड्यातच गोळ्या बंद करतो.